तुम्ही विचारलंत म्हणून : पोळे काढायचे की राहू द्यायचे?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी सव्वीस वर्षे विज्ञान शिकवले. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी एका प्रश्नाने अजून माझी पाठ सोडलेली नाही. कधी फोन येतो, कधी बाजारात रताळी निवडत असताना कुणीतरी थांबवते आणि विचारते, "बाई, घरात माशी पोळं करूलालीय बघा, काढू काय?" विचारणारे बहुधा माझेच जुने विद्यार्थी असतात आणि आता त्यांच्या घरात लहान मुले आहेत, त्यामुळे त्यांची काळजी मला समजते. शेजारच्या कन्नड घरातूनही "अक्का, जेनु बंदैति" अशी हाक येते, म्हणजे मधमाश्या आल्या आहेत. या सर्वांना मी आधी एकच उलट प्रश्न विचारते : पोळे कशाचे आहे? मातीचे, कागदाचे, मेणाचे, की पानांचे? त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय मी काहीच सांगत नाही. त्यामागचे कारण तुम्ही पुन्हा पुन्हा विचारलेत, म्हणून ते एकदा सविस्तर लिहीत आहे.

आपण मराठीत घरमाशी, मधमाशी, गांधीलमाशी या सगळ्यांना 'माशी' म्हणतो आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. घरमाशीला दोन पंख असतात. मधमाशी, गांधीलमाशी आणि मातीचे घर करणारी कुंभारीण यांना चार असतात, आणि त्यांचे खरे नाते घरमाशीशी नसून मुंगीशी आहे. मुंग्या आणि मधमाश्या या दोन्ही प्राचीन शिकारी गांधीलमाश्यांच्या वंशातून निघालेल्या शाखा आहेत. आज जगात मधमाश्यांच्या कुळातील २०,००० हून अधिक आणि मुंग्यांच्या सुमारे १४,००० जाती ज्ञात आहेत. यांची नांगी हे मुळात अंडी घालण्याचे अवयव असून ते पुढे शस्त्र झाले, म्हणून नर कधीही डंख मारू शकत नाही. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या कुळातील बहुसंख्य माश्या एकट्या राहतात, त्यांना ना राणी असते ना कामकरी. एकटी आई घराच्या रक्षणात मेली तर तिचा वंशच थांबतो, म्हणून ती माणसाशी झुंजत नाही, उडून जाते. हजारो बहिणी एकत्र राहतात तिथे मात्र काही जणींनी जीव दिला तरी घर टिकते, आणि म्हणून ती घरे जपून हाताळावी लागतात.

मातीचे घर म्हणजे कुंभारीण. आमच्या कौलारू घराच्या मागच्या खिडकीत, पाऊस ओसरू लागला की ती दर वर्षी येते. काळी, पिवळ्या पायांची, आणि कंबर अशी की जणू पोट एका दोऱ्याला टांगले आहे. मोरीच्या बाहेर नळाचे पाणी मुरून जिथे चिखल होतो, तिथे ती डोके खाली आणि शेपूट वर करून उभी राहते, जबड्याने चिखल खरवडून मटाराएवढी गोळी करते आणि उचलून आणते. एकदा मी घड्याळ घेऊन तिच्यासमोर बसले होते. मी मोजल्या तेवढ्या बावीस खेपांत एक खण उभा राहिला. गोळी चौकटीला लावताना ती पंख न उघडता एक बारीक, तीव्र गुणगुण करते. त्या कंपनाने घट्ट चिखल क्षणभर सैल होतो आणि पट्टीसारखा पसरतो. कान जवळ नेला तर ती गुणगुण थांबते, पण काम थांबत नाही. एवढ्या जवळ डोके नेऊनही तिने मला आजवर एकदाही डंख मारलेला नाही.

खण तयार झाला की ती कोळी आणू लागते. कोळ्याला मारत नाही, डंख मारून बधिर करते, कारण मेलेला कोळी कुजेल आणि बधिर झालेला ताजा राहील. एका खणात अनेक कोळी कोंबून, त्यांतल्या एकावर अंडे घालून ती तोंड लिंपते आणि शेजारी दुसरा खण बांधायला घेते. शेवटी साऱ्या खणांवर मातीचा एक जाड थर देते आणि निघून जाते. तिची पिल्लांशी कधीच भेट होत नाही. वर्गात मी एकदा भिंतीवरून निसटून पडलेले असे घर फोडून दाखवले होते. बारा-तेरा लहान कोळी ताटलीत पडले आणि एकाचा पाय हलताच पुढच्या बाकावरची मुलगी ओरडली, "बाई, हे जित्ते आहेत!" त्या दिवशी घंटा झाली तरी कुणी जागचे उठले नाही.

अशीच एकटी राहणारी दुसरी माशी मातीचा अगदी हुबेहूब घडा करते, गळा आणि काठ असलेला. ती कोळ्यांऐवजी अळ्या भरते आणि त्याआधीच आपले अंडे घड्याच्या छताला एका तंतूने टांगून ठेवते. आपल्या संतवाङ्मयात जो भृंगकीटक न्याय येतो, की अळी भिंगुरटीचे, म्हणजे अशाच माशीचे, ध्यान करता करता स्वतःच भिंगुरटी होते, तो ज्याने प्रथम मांडला त्याने हे घर नक्कीच जवळून पाहिले असले पाहिजे. अळी आत गेली, वरून गुणगुण ऐकू आली, दार बंद झाले आणि काही दिवसांनी माशी बाहेर पडली, इतके सारे त्याने अचूक टिपले. अळी माशी होत नाही, माशीचे पिल्लू अळीला खाते, एवढेच त्याला भिंतीबाहेरून दिसले नाही. त्या जुन्या निरीक्षकाविषयी मला मनापासून आदर वाटतो. तेव्हा मातीचे असेल तर राहू द्या. रंग द्यायचाच असेल, तर मातीला गोल भोके पडली आहेत का ते पाहा. भोके पडली म्हणजे पिल्ले बाहेर गेली, मग खुशाल खरवडा.

कागदाचे पोळे ओळखायला सोपे असते. राखाडी, उघड्या खणांचे, एका देठाला लोंबणारे. जुन्या लाकडाचे आणि गवताचे तंतू चावून, त्यात लाळ मिसळून या गांधीलमाश्या कागद करतात. आपल्या पडवीत दिसणारी लहान, तपकिरी, पिवळ्या ठिपक्यांची जी जात आहे, तिच्यावर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी कित्येक दशके संशोधन केले. त्यातून कळले ते विलक्षण आहे. या पोळ्यातील राणी दांडगाई करत नाही, ती सर्वांत शांत असते, आणि वागणुकीवरून ती ओळखताही येत नाही. तिला काढून घेतले की लगेच एक कामकरी माशी कमालीची आक्रमक होते, आणि काही दिवसांत अंडी घालू लागली की तीही पूर्वीच्या राणीसारखीच शांत होते. असे पोळे उंच, वळचणीला असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये, कारण बागेतल्या अळ्या टिपून नेणे हेच त्या माश्यांचे रोजचे काम आहे. मात्र दाराच्या चौकटीवर किंवा मुलांच्या हाताला येईल असे असेल, तर ते चार-पाच खणांचे असतानाच काढावे. येथे मी भीड ठेवत नाही. ही माशी मधमाशीसारखी नांगी सोडून जात नाही, ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते.

पानांचे म्हणाल, तर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला काजू आणि आंबा लावलेल्यांकडूनच ही विचारणा येते. तांबड्या झाडमुंग्या, ज्यांना कोकणाकडे ओंबील म्हणतात, त्या जिवंत पाने शिवून घर करतात. एक मुंगी दुसरीची कंबर धरते, दुसरी तिसरीची, आणि अशी साखळी करून त्या दोन पानांच्या कडा एकमेकींजवळ ओढतात. मग काही जणी आपल्याच अळ्या तोंडात धरून आणतात आणि त्यांच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने, विणकराच्या धोट्यासारखे मागेपुढे करत, त्या कडा शिवतात. प्रौढ मुंगीला रेशीम काढता येत नाही, ते अळीलाच येते. यांना नांगी नसते, त्या चावतात आणि जखमेवर आम्ल सोडतात. काजू काढताना ती आग सोसणे सोपे नाही, हे मी जाणते. पण मोहोराचा रस शोषणाऱ्या ढेकण्या किडीला या मुंग्या झाडावर टिकू देत नाहीत, ही गोष्ट फवारणीचा खर्च मांडताना विचारात घ्यावी. त्या गोड स्रावासाठी झाडाचा रस शोषणारे पिठ्या ढेकूण पाळतात, हा त्यांच्यावरचा आक्षेपही खरा आहे.

गुलाबाच्या पानांना कात्रीने कापल्यासारखे अर्धगोल पडले असतील, तर तो रोग नव्हे. पानकापी माशी ते तुकडे नेऊन आपल्या पिल्लांच्या खोल्या मढवते. वासा पोखरणारा काळा भुंगाही मधमाशीच्याच कुळातला आहे. वांग्याच्या फुलातले पराग थरथर करून झाडून काढणे त्याला जमते, मधमाशीला जमत नाही. वाशाला तेल किंवा रंग द्या, आणि परसात वाळक्या बांबूचे चार तुकडे त्याच्यासाठी बांधून ठेवा.

मेणाच्या पोळ्याविषयी लिहिताना मला माझी एक चूक सांगितलीच पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात जवळच्या गावातील एका पालकांनी निरोप पाठवला की अंगणातील फणसाच्या फांदीवर माश्यांचा गोळा बसला आहे. मी न पाहताच सांगितले की आग्या असेल, रात्री धूर करा. त्यांनी टेंभा लावला. सकाळी मी गेले, तेव्हा फांदीवर मेणाचा कणही नव्हता आणि खाली होरपळलेल्या लहान, पट्टेरी माश्यांचा सडा पडला होता. ते पोळे नव्हतेच. तो सातेरीचा, म्हणजे ढोलीत राहणाऱ्या मधमाश्यांचा, थवा होता. वस्ती वाढली की जुनी राणी निम्म्याअधिक माश्या घेऊन बाहेर पडते आणि नवी ढोली सापडेपर्यंत काही तास, फार तर एक-दोन दिवस, अशी फांदीला लटकते. त्या वेळी माश्यांची पोटे मधाने भरलेली असतात आणि राखायला ना पिल्ले असतात ना साठा, त्यामुळे त्या सर्वांत गरीब असतात. शोधक माश्या परत येऊन, थव्याच्या अंगावर नाचून जागेची दिशा आणि अंतर सांगतात. मधमाशीच्या या नृत्यभाषेचा उलगडा करणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, हे मी वर्गात दर वर्षी शिकवत होते, आणि तरीही मी न पाहता उत्तर दिले होते. 'पोळे कशाचे आहे' हा प्रश्न मी त्या सकाळपासून विचारू लागले.

भिंतीच्या फटीतून राळमिश्रित मेणाची नळी बाहेर आली असेल आणि चिलटाएवढ्या माश्या ये-जा करत असतील, तर ती पोयाची माशी, तिला डंखच मारता येत नाही. झुडपात एका काटकीभोवती तळहाताएवढे पोळे असेल, तर ती फुलोरी. आमचे कन्नड शेजारी तिला कोलुजेनु म्हणतात, कारण कोलु म्हणजे काठी. ढोलीत एकाशेजारी एक पोळी असतील, तर सातेरी. या तिघींना त्यांच्या जागी राहू द्यावे.

उंचावर, पाण्याच्या टाकीला किंवा मोठ्या झाडाला लोंबणारे एकच प्रचंड पोळे म्हणजे आग्या मोहोळ, कन्नडमधले हेज्जेनु. याच्याविषयी मी कुणालाही धीर देत नाही, पण घाईही करू देत नाही. या माश्या ऋतूप्रमाणे स्थलांतर करतात, फुलोरा संपला की मोहोळ रिकामे करून जातात. मोठी गांधीलमाशी जवळ आली की साऱ्या माश्या क्रमाने पोट उचलतात आणि भाताच्या शेतावरून वाऱ्याची झुळूक जावी तशी लाट मोहोळावरून धावते. ती लाट दिसली तर तुम्ही फार जवळ आहात असे समजून मुकाट्याने मागे फिरा. धूर, टेंभा, दगड यांपैकी काहीही नको, आणि रात्री त्या दिशेने बॅटरीही मारू नका, कारण या माश्या उजेडाकडे झेपावतात. डंख झालाच, तर नांगी नखाने ताबडतोब खरवडून काढा, कारण ती तुटल्यानंतरही विष सोडत राहते आणि तिच्या वासाने इतर माश्या त्याच जागी येतात. हात न झटकता बंद खोलीत शिरा. श्वास लागला, चेहरा सुजला किंवा डंख अनेक असतील, तर मला फोन न करता थेट दवाखाना गाठा.

एरवी फोन जरूर करा, आणि फोटो लांबूनच काढा, पण त्यात पोळ्याबरोबर माशीही दिसू द्या. दिसत नसेल तर संध्याकाळपर्यंत थांबा. ती घरी परतते तेव्हा नीट दिसते.