वेणीची टोपी

आज दुपारभर मामांसाठी लोकरीची टोपी विणत होते. पहाटे खानापूरच्या शेतावर जातात, थंडी थेट कानात शिरते. वेणीची वीण मला फार आवडते. चार टाके जादा सुईवर घेऊन पुढे धरायचे, नंतरचे चार आधी विणायचे, मग हे. पुढे धरले की पीळ डावीकडे झुकतो, मागे धरले की उजवीकडे. शेजारी उलट टाके ठेवले की वेणी कशी उठून दिसते! पीळ वीण आवळतो, म्हणून टाके जास्तच घालायचे. बेळगावात ॲक्रिलिक स्वस्त मिळतं, पण मामांना खरी लोकरच हवी. दवानं ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही.

आता शेंड्याचे टाके कमी करतेय. मामींचा फोन आला, "गोंडा लावू नको गं, वरून रुमाल बांधतात ते."