जागलीवरचा पिच्चर

हरभऱ्याच्या जागलीला रात्र काही केल्या सरत नाही, म्हणून परवा मचाणावर मोबाईलमध्ये 'हॅलोविन' हा भीतीचा इंग्रजी पिच्चर लावला, १९७८ चा, जॉन कार्पेंटरनं डायरेक्ट केलेला. सोबत चुलतभावाचं पोट्टं होतं, अकरावीतलं. पिच्चरात बराच वेळ पोरी नुसत्या शाळेतून घरी येतात, गप्पा हाणतात, फोन करतात. पोट्टं म्हणे, "काका, सिरीयल लावली काय जी?" त्याचंही काही चुकलं नाही. अन् तो खुनी, सहा वर्षांचा असताना आत गेलेला, पंधरा वर्षांनी पळतो तो डायरेक्ट गाडी चालवत! आमच्याकडं ट्रॅक्टर ट्रॉलीसकट रिव्हर्स घ्यायला शिकण्यात दोन सीझन जातात. हिरोईन तं हद्दच करते, त्याला पाडलं की चाकू तिथंच टाकून देते, एकदा नाही, दोनदा.

सगळा खेळ तीनेक लाख डॉलरचा. गोष्ट ऑक्टोबरची अन् शूटिंग वसंतात, कॅलिफोर्नियात, म्हणून रंगवलेली पानं रस्त्यावर पसरायची, सीन झाला की गोळा करून पुढच्याला परत तीच. खाली वाळकी पानं अन् वर झाडं हिरवीगार, ज्यानं फाल्गुनात सागाचं रान पाहिलंय त्याला हे लगेच खुपतं. खुन्याचा मुखवटा तं 'स्टार ट्रेक' सिरीयलमधल्या कॅप्टन कर्कचा, दोन डॉलरच्या आतला, डोळ्यांची भोकं मोठी केली, पांढरा रंग मारला, झालं.

पण त्या मुखवट्यावर राग नाही, हसू नाही, काहीच नाही, अन् तेच वाईट आहे. दिवसाढवळ्या वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये तो नुसता उभा, पोरगी खिडकीतून पाहते, परत पाहते तं नाही. रक्त फारसं नाहीच. म्युझिकही डायरेक्टरनंच केलेलं, बापानं लहानपणी बोंगोवर शिकवलेल्या पाच मात्रांच्या ठेक्यात, ऐकताना अंधारात पायरी चुकल्यासारखं होत राहतं.

पिच्चर संपला अन् समोर वावरात आमचं बुजगावणं. माझाच जुना पांढरा शर्ट, वर चुना फासलेलं मडकं, मीच गाडलेलं. धुऱ्याकडं काहीतरी खसपसलं, रानडुकरंच असणार. पोट्टं म्हणे, "काका, तुमी उतरा, मी वरून बॅटरी मारतो." मी म्हटलं, तूच उतर, तुझे पाय तरणे आहेत.

सकाळी पाच-सहा ओळींतला हरभरा उकरलेला निघाला. घरी दोघांनीही झोप लागली असंच सांगितलं.