सीएसआरचा बोर्ड आणि मावशीची विहीर

आमच्या चंद्रपूरकडे कोळसा खाणींच्या आसपासच्या गावांत फिरलात की शाळेच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीवर कंपनीचा लोगो दिसतोच, म्हणजे सीएसआरमधून, कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चातून, केलेल्या कामाचा बोर्ड. मावशीच्या गावात आरओ प्लांट बसवला, साहेब आले, फोटो निघाले, पण फिल्टर कोण बदलणार हेच ठरलं नव्हतं म्हणून मशीन बंद पडलं ते पडलंच. खाण खोल गेली तसं विहिरीचं पाणीही खाली गेलं, आणि अंगणात वाळत घातलेल्या कुरड्या संध्याकाळपर्यंत काळ्या होतात.

कंपनी कायदा 2013 प्रमाणे मोठ्या कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सीएसआरवर खर्च करायचे, ठीक आहे, पण 2015 पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी वेगळा आहे, त्यात कंपनीला खनिजापोटी सरकारला द्यायच्या रॉयल्टीशिवाय आणखी पैसे भरावे लागतात, जुन्या लीजवर (खाणपट्ट्यावर) रॉयल्टीच्या 30 टक्के, लिलावातल्या लीजवर 10, आणि हा पैसा खाणबाधितांच्या हक्काचा आहे, कुणाची मेहरबानी नाही. लोक दोन्ही एकच समजतात आणि तिथेच फसतात. आणि धूळ बसवायला रस्त्यावर पाणी मारणं, ट्रकवर ताडपत्री टाकणं हे सीएसआर नाहीच, ते कंपनीला तसंही करावंच लागतं!

पुढच्या ग्रामसभेत वह्यावाटपाच्या आधी प्रतिष्ठानच्या खर्चाचा हिशोब मागा, आणि प्लांटची देखभाल कोण करणार ते लिहून घ्या.