० आरपीएम, तरी डॅशबोर्ड हिरवा

एका ग्राहकाच्या सर्व्हरचा मागचा एक्झॉस्ट पंखा जाम झाला होता. लिनक्सवर तापमान आणि पंख्यांचे वेग दाखवणारी 'सेन्सर्स' कमांड ते सरळ सांगत होती: फॅन४, ० आरपीएम (मिनिटाला फेरे). पण त्या ओळीच्या शेवटी 'अलार्म' हा शब्द नव्हता आणि सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या नागिऑसच्या डॅशबोर्डवर सर्व्हर हिरवागार. डिस्क तापल्याची तक्रार आली म्हणून कॅबिनेट उघडलं गेलं. ग्राहकाच्या आयटीवाल्यांचा मुद्दा एकच, "डॅशबोर्ड तर हिरवा होता." त्यांना काय बोलणार?

डॅशबोर्डपासूनच सुरुवात केली. तिथलं चेक_सेन्सर्स प्लगिन म्हणजे छोटीशी शेल स्क्रिप्ट. ती सेन्सर्स चालवते आणि आउटपुटमध्ये 'अलार्म' शब्द सापडला तर क्रिटिकल म्हणते. वेगाचे आकडे ती बघतच नाही.

मग शब्द का छापला गेला नाही? कर्नलचा सेन्सर वाचणारा भाग म्हणजे एचडब्ल्यूमॉन, त्याचा नियम असा, की अलार्म बोर्डवरच्या सेन्सर चिपने द्यायचा. ड्रायव्हरने वेग आणि मर्यादा यांची तुलना करून तो तयार करायचा नाही. नियम मला पटतो, ड्रायव्हरने स्वतःचं डोकं चालवू नये. पण सेन्सर्स काय करते? फॅन१_अलार्म नावाची फाइल असेल आणि तिच्यात १ असेल, तर शब्द छापते. फाइलच नसेल तर काहीच छापत नाही. म्हणजे 'अलार्म वाजलेला नाही' आणि 'इथे अलार्म वाजूच शकत नाही' या दोन्ही गोष्टी पडद्यावर हुबेहूब सारख्या दिसतात. मला खटकतं ते हेच.

एचडब्ल्यूमॉनच्या फोल्डरचा क्रमांक रीबूटनंतर बदलू शकतो, म्हणून आधी प्रत्येकातली 'नेम' फाइल वाचायची. एनसीटी६७७५ ही चिप सापडली. पहिल्या तीन पंख्यांना इनपुट (मोजलेला वेग), मिन (किमान मर्यादा), अलार्म सगळ्या फाइली आहेत. चौथ्याला इनपुट आहे, पण मिनही नाही आणि अलार्मही नाही. ड्रायव्हरचा सोर्स उघडला की खुलासा होतो. या चिपच्या तक्त्यात पंख्यांचे अलार्म बिट आहेत ६, ७, ११ आणि पुढे दोनदा उणे १, म्हणजे अलार्म बिटच नाही. चौथ्या पंख्याच्या पिना तर या चिपवर फ्लॉपीच्या इंटरफेसशी सामायिक आहेत. बोर्डवर हेडर (पंख्याची वायर जोडायची जागा) दिलाय म्हणून पंखा तिथे लावला गेला, एवढंच. एनसीटी६७७६ पासून चौथ्यालाही अलार्म बिट आहे.

कोणीतरी कॉन्फिग फाइलमध्ये 'सेट फॅन४_मिन ६००' लिहून ठेवलं होतं, बहुधा कुठूनतरी उतरवून. बूट होताना कॉन्फिग लागू करणारी सेन्सर्स -एस त्या ओळीबद्दल तक्रार करून पुढे जाते. ती तक्रार लॉगमध्ये पडते, आणि बूटचा लॉग कोण वाचतं?

दुसऱ्या पंख्याचा प्रकार आणखी वाईट. तिथे अलार्म फाइल आहे, पण फॅन२_मिन होतं ०. चिप खरं तर वेग मोजत नाही, टॅकोच्या (पंख्याच्या वेगाच्या वायरीवरच्या) पल्समधला वेळ मोजते. वेग म्हणजे १३५०००० भागिले (मोजणी गुणिले भाजक). मर्यादेचं रजिस्टर (चिपमधली आकडा ठेवायची जागा) ८ बिटांचं, म्हणून तिथे जास्तीत जास्त २५५ मावतात. मिनमध्ये ० लिहिलं की ड्रायव्हर त्या रजिस्टरमध्ये २५५ टाकतो. म्हणजे मर्यादाच नाही, त्यामुळे अलार्म कधीच येणार नाही. उलट ६०० लिहिलं की ड्रायव्हर भाजक १६ आणि मोजणी १४० ठरवतो, आणि परत वाचलं तर ६०२ दिसतं. आकडा बदललेला पाहून घाबरू नका, पूर्णांकांचा हिशेब आहे.

अलार्म चालतो का हे पाहायला पंख्यात पेन घालायची गरज नाही (हे करणारे लोक आहेत). पंखा ११०० वर असेल तर मिनमध्ये ३००० लिहायचं, दोन सेकंद थांबायचं, कारण ड्रायव्हर दीड सेकंद जुनेच आकडे देतो, आणि अलार्म फाइल वाचायची. १ आला की जुनं मूल्य परत लिहायचं. काही जुन्या चिपांवर अलार्म एकदा वाचेपर्यंत टिकून राहतो, म्हणून दोनदा वाचायचं.

या मशीनवर तिसरा हेडर रिकामा होता. नवा पंखा तिथे लावला, फॅन३_मिन आणि फॅन२_मिन ६०० केलं, रिकाम्या झालेल्या फॅन४ला कॉन्फिगमध्ये 'इग्नोर' टाकलं आणि नागिऑस लाल होतो हे त्यांच्या आयटीवाल्यांसमोर करून दाखवलं.

त्याच बोर्डची आणखी मशीन तिथे आहेत आणि त्यांचे पहिले तिन्ही हेडर भरलेले आहेत. त्यांच्यासाठी प्लगिनमध्ये स्वतंत्र तपासणी घातली: फॅन४_इनपुट लागोपाठ दोनदा ४०० च्या खाली आला तरच क्रिटिकल. एकाच ० वर विश्वास ठेवत नाही, कारण ड्रायव्हर भाजक बदलत असताना एखादं वाचन खोटं येऊ शकतं. आता त्यांचा प्रश्न असा, की आधी का नव्हतं केलं. ती मशीन कोणी, कधी आणि कोणाकडून जोडून घेतली याचा कागद मात्र त्यांच्याकडे सापडत नाही.