हातच्याची चूक

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा निरोप आला आणि डोळ्यांपुढे उभी राहिली आठवी 'ब'ची खिडकीकडची रांग. साल १९८६. त्याच वर्षी गणितज्ञ द. रा. कापरेकर गेले. देवळाली आपल्या गावाहून एसटीने तासाभराची. तिथल्या शाळेत १९३० पासून १९६२ पर्यंत मास्तरकी केलेल्या या माणसाचं नाव पार अमेरिकेतल्या मासिकात छापून आलंय, हे आम्हाला आपल्या गणिताच्या सरांनी सांगितलं आणि फळ्यावर ३५२४ लिहिलं.

आकडे उतरते मांडा, मग चढते मांडा, वजा करा. ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. पुन्हा तेच. ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता याचंच करा : ७६४१ वजा १४६७, परत ६१७४! चारही आकडे सारखे नसले की झालं, कुठलीही चार आकडी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत गाडी याच स्टेशनात येऊन थांबते.

"आणि तीन आकडी घेतली तर?" सरांनी विचारलं.

माझ्या शेजारी बसणारा, पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा, उभाही न राहता म्हणाला, "४९५, सर. पाच आकडीला मात्र एका जागी थांबत नाही, तेच तेच आकडे फिरत राहतात."

वर्ग गार. आदल्याच आठवड्यात सरांनी रामानुजन यांची गोष्ट सांगितली होती : आजारी रामानुजनना भेटायला आलेले इंग्रज गणितज्ञ हार्डी म्हणाले, टॅक्सीचा नंबर अगदीच नीरस होता, १७२९. त्यावर हे अंथरुणातून म्हणाले, छे, दोन घनांच्या बेरजेच्या रूपात दोन तऱ्हांनी लिहिता येणारी ती सर्वांत लहान संख्या आहे (१२ चा घन अधिक १ चा, किंवा १० चा अधिक ९ चा). मधल्या सुट्टीपर्यंत शेजाऱ्याचं बारसं झालं होतं. तो आमचा रामानुजन!

मी मात्र जळफळलो. स्कॉलरशिपला जिल्ह्यात नंबर माझा आला होता.

दिवाळीच्या सुट्टीत आईनं दळण घेऊन गिरणीत पिटाळलं. पट्ट्याची फटफट चालू होती आणि हा डब्यांच्या रांगेमागे, भुवयांपर्यंत पिठात माखलेला, मांडीवर वही घेऊन बसलेला. वह्या म्हणजे जुन्या कॅलेंडरांची पाठकोरी पानं दाभणानं शिवलेली. मी एक ओढून घेतली. वजाबाक्या. दुसरी घेतली, त्यातही वजाबाक्या. मधेच दोन पानांवर मोठी फुली आणि खाली पेन्सिलीनं 'हातचा चुकला'. त्याच्या मोठ्या भावाच्या वर्गात सरांनी हा खेळ वर्षभर आधीच सांगितला होता. भावानं तो घरी आणला आणि विसरला. हा विसरला नाही.

सुट्टी संपल्यावर मी भर वर्गात सांगितलं, "सर, याला ते आधीच माहीत होतं." आजही लिहिताना लाज वाटते. त्याचे कान लाल झाले.

सर म्हणाले, "माहीत होतं म्हणजे? ४९५ कुणी सांगितलं होतं?"

"नाही सर. काढलं होतं."

पुढे कधीतरी वाचनात आलं, की १७२९ ची ती करामत रामानुजन यांच्या वहीत विलायतेला जाण्याआधीच टिपलेली होती. म्हणजे टॅक्सीचा नंबर ऐकून त्यांना काही सुचलं नव्हतं, जुनी ओळख निघाली होती. कागद परवडत नाही म्हणून पाटीवर गणितं करायची, कोपरानं पुसायची, निष्कर्ष तेवढा वहीत उतरवायचा, अशी त्यांची वर्षं गेलेली. आपल्याला दिसते ती वही. पुसलेली पाटी कुणी पाहिली?

पण एवढ्यावरून 'सगळी मेहनतीची कमाल' म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. कारण त्या दिवाळीत मीही दोनशे पानी वही आणली होती. रोज शंभर वजाबाक्या, असा नेम. तिसऱ्या दिवशी कंटाळलो आणि किल्ला करायला पळालो. मेहनत मला वर्ज्य नव्हती, स्कॉलरशिपसाठी पहाटे चारला उठणारा मुलगा मी. मार्क मिळणार असतील तिथे घाम गाळायचो. तो जे करत होता त्याला तो अभ्यास म्हणतच नव्हता. अभ्यास म्हणजे इतिहास, आणि त्यात तो काठावर पास. रामानुजन तर कॉलेजात गणित सोडून बाकी विषयांत नापास होत राहिले. तीस वर्षं पोरांना शिकवून मोकळ्या वेळात संख्यांशी खेळत बसणाऱ्या, पदव्युत्तर पदवी नसलेल्या कापरेकरांनाही मेहनती म्हणणं मला थोडं कोरडं वाटतं. वेड म्हणावं, तर ते कुठून येतं हे मला अजून कळलेलं नाही. भावानं ऐकलेली गोष्ट या घरात रुजली. आमच्या घरात पुस्तकांचं कपाट होतं, तिथे नाही रुजली.

गिरणी आता तोच चालवतो. पट्टा गेला, मोटर आली. महिन्यापूर्वी स्मरणिकेच्या निमित्तानं जाऊन आलो, चहा झाला. मी चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या चुगलीबद्दल धीर करून माफी मागितली, तर त्याला काही आठवेना. "असं बोललास? असशील बोलला." फुली मारलेली ती दोन पानं मात्र लख्ख आठवत होती. "अरे, ८५३२ मधून २३५८ काढताना दशकातला हातचा विसरलो," तो म्हणाला, "आणि दोन दिवस समजत होतो, की न थांबणारी संख्या सापडली!"