पाच मिनिटांच्या कामाचे पैसे

सोमवार

मे निम्मा सरला की माझा फोन वाजायला लागतो. दुपारनंतर आभाळ भरून आलं, चार ढग गडगडले, की ज्याच्या त्याच्या दारातलं झाड एकदम मोठं व्हायला लागतं. वर्षभर त्याच्याच सावलीत गाडी लावलेली असते, तेव्हा काही नाही.

आज कोल्हापुरातल्या रुईकर कॉलनीत एक गुलमोहर बघून आलो. मालक निवृत्त गृहस्थ. गेटातच विचारलं, "किती घेणार?" म्हटलं, काका, आधी बघू तर द्या. "त्यात बघायचं काय? दिसतंय की झाड."

बघायचंच तर काम असतं. मी खालून सुरुवात करतो. कुऱ्हाडीच्या पाठीनं बुंध्यावर सगळ्या बाजूंनी ठोकत गेलो. भरीव लाकूड ठणठणीत वाजतं, आत पोकळ असलं की आवाज बसतो. इथं रस्त्याकडच्या अंगाला आवाज बसला. वाकून बघितलं तर मुळापाशी तपकिरी, टणक आळंबी, वरून लाखेचा हात मारल्यागत चकाकणारी. ती दिसली म्हणजे मुळं आतून कुजत आली. वर पालवी हिरवीगार असते, फुलंही येतात, म्हणून घरच्यांना पटत नाही. त्यात एका बाजूला बुंध्याला चिकटून पेव्हिंग ब्लॉक आणि दुसऱ्या बाजूला कधीतरी गटारीसाठी चर मारलेला. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याची मुळं उथळ पसरतात, लाकूड ठिसूळ. चर मारताना त्या अंगाची मुळं तुटली असणार, आणि झाडाचा तोल नेमका उलट्या बाजूला, घरावर.

म्हटलं, "काका, हे काढायलाच लागंल. पण आधी महापालिकेत अर्ज टाका."

"माझ्या कंपाउंडातलं झाड, मी कुणाला विचारू?"

हे संभाषण मला आता पाठ झालंय. शहरातल्या झाडांसाठी 1975 पासून कायदा आहे, झाड स्वतःच्या जागेत असलं तरी परवानगी लागते, फांद्या कमी करायच्या असल्या तरी विचारावं लागतं. 2021 मध्ये त्यात बदल झाले. पन्नास वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड आता हेरिटेज धरतात, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची. हे ऐकून काका जरा थांबले. मग म्हणाले, "तसं हे फार जुनं नाही हां." वय चोरणारी माणसं पूर्वीपासून बघत आलोय. झाडाचं वय चोरणारी अलीकडं भेटायला लागली.

दर सांगितला तर म्हणाले, "पाच मिनिटं मशीन चालवायचं आणि एवढे?"

मंगळवार

आज काम नाही. एका कॉलनीत फांद्या अकरा हजार व्होल्टच्या लाइनीत शिरल्यात, तिथं वीज बंद करून मिळायला हवी होती, दुसरीकडं बिघाड झाल्यामुळं ती उद्यावर गेली. चिडून उपयोग नसतो. ओली फांदी करंट वाहून आणते, त्यामुळं तारेला हात लावायची गरजच नाही, फांदीला लावला तरी बास. आणि नुसतं "लाइन बंद केली" म्हणून मी चढत नाही. वायरमननं येऊन माझ्या डोळ्यांदेखत तारा जमिनीला जोडल्या, म्हणजे अर्थिंग केलं पाहिजे. कुणाच्या तरी बंगल्यातला जनरेटर चुकीचा जोडलेला असला, तर बंद लाइनीत मागून करंट येतो.

दुपारभर मामा आणि मी करवतीच्या मशीनच्या चेनला धार लावत बसलो. धार गेलीय हे भुश्यावरून कळतं. चेन चांगली असली की खपल्या उडतात, बोथट झाली की पीठ पडतं. पीठ पडायला लागलं की माणूस मशीनवर जोर देतो, आणि जोर दिला की चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीचं नाक कशाला तरी लागून मशीन तोंडाकडं उसळतं. पाच रुपयांच्या कंटाळ्यापायी चेहरा जायचा. मामा एकेका दात्यावर गोल कानस फिरवताना बोलत नाहीत. तरुणपणी तालमीत होते. खालून दोर धरायला त्यांच्यासारखा माणूस मला मिळाला नाही.

बुधवार

मंगळवार पेठेत नारळ. बोळ असा की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं पायरीवर चढावं. डावीकडं पत्रे, उजवीकडं कौलं, मधे तीन मजल्यांवर गेलेला, शेंड्याला कलंडलेला नारळ. क्रेन येणं शक्यच नाही. परवानगीचा कागद आधीच हातात होता.

लोकांना वाटतं नारळ सोपा. फांद्या नाहीत, सरळ खांब. पण मला नारळच अवघड वाटतो, आणि कारण तेच: फांद्या नाहीत. आंब्यावर, चिंचेवर मी डोक्याच्या वर एखाद्या भक्कम बेचक्यात दोर टाकतो, प्रुसिक गाठीवर लटकतो, पाय सुटला तरी वीतभर खाली येतो आणि थांबतो. ही गाठ मला सह्याद्रीत फिरणाऱ्या पोरांनी शिकवली. गिर्यारोहकांची आहे, दोरावर भार आला की आवळते, भार काढला की सरकते. नारळावर वर अडकवायला काही नसतं. कमरेचा पट्टा बुंध्याला नुसता वळसा घालून ठेवला आणि पाय घसरला, तर पट्ट्यासकट माणूस खाली येतो. म्हणून तो फास पडेल असा बांधायचा, आणि प्रत्येक पावलाला ढिला करून वर सरकवायचा. पायात काट्याचे बूट. हे बूट फक्त तोडायच्या झाडाला. राखायच्या झाडावर काटे रोवले की प्रत्येक पावलाची जखम होते, तिथनं रोग शिरतो. तरीही छाटणीला काटे घालून चढणारे गावात आहेत.

शेंड्यापाशी पोचल्यावर आधी नारळ, मग झावळ्या, एकेक करून दोरानं. झावळ्यांच्या बेचक्यात उंदराचं घर निघालं, पिल्लं माझ्या हातावरून पळाली. हे घाबरण्यासारखं नाही, पण वर असताना दचकणं परवडत नाही. मग शेंडा. शेंडा सुटला की उरलेला बुंधा उलट्या बाजूला जातो, परत येतो, परत जातो, आणि तुम्ही त्याला बांधलेले असता. तेव्हा मशीन बंद करून बुंध्याला मिठी मारायची आणि झोके थांबेपर्यंत काहीही करायचं नाही. खालून एकजण ओरडला, "झोपला काय वर?"

पुढं दोन-दोन फुटांचे ओंडके. नारळाचं लाकूड बाहेरून कठीण, आत मऊ, सगळे धागे. चेनची धार बघता बघता उतरते, म्हणून दोन चेन जास्तीच्या नेल्या होत्या. ओंडका सुटायच्या आधी दोर बांधायचा, मामांनी खाली ओट्याच्या दगडी खांबाला वेढे टाकून तो हळूहळू सोडायचा. वेढ्यांवरच सगळं आहे. एक फूट जाडीचा, पाच फूट लांबीचा ओला ओंडका शंभर किलोच्या आसपास भरतो, आणि तो तीन-चार फूट पडून दोराला झटका बसला की त्याच्या कितीतरी पट ओढ येते. माणसाच्या हाताला ती धरवत नाही, तालमीतल्यासुद्धा. म्हणून तुकडे लहान. वेळ जास्त लागतो आणि तोच गिऱ्हाइकाला दिसतो.

बोळात आणखी एक गोष्ट मी आधी ठरवून ठेवतो: मी वर अडकलो तर मला खाली कोण आणणार. पट्ट्यात बेशुद्ध लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं, त्याला मिनिटांत उतरवावं लागतं. अग्निशमनची शिडी त्या बोळात येणार नाही. त्यामुळं खाली चढता येणारा दुसरा माणूस, त्याचे बूट-पट्टा चढवलेला, नुसता उभा. शेजारची आजी त्याला म्हणाली, "बाबा, तू काय करतोयस नुसता उभा राहून? ते खाली पडल्यालं उचल की." त्याला उचलू दिलं नाही. आजीनं नंतर सगळ्यांना चहा दिला, त्याला जरा उशिरा.

गुरुवार

राजारामपुरीत रेन ट्रीच्या वाळक्या फांद्या काढायच्या होत्या. पट्टा बांधायच्या आधी दुर्बिणीतनं बघायची सवय आहे. उंच आडव्या फांदीखाली आग्या मोहोळ, परातीएवढं. झालं, गुंडाळलं सामान. आग्या माशीला मशीनचा आवाज, धूर, फांदीचा हादरा, काहीही पुरतं, आणि त्या लांबवर पाठलाग करतात. साठ फुटांवर बांधलेला माणूस पळणार कुठं? सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, धूर करा, रात्री जाळून टाका. मी नाही म्हटलं. या माश्या हंगामानुसार जागा बदलतात, आपणहून उठून जातील, फांदी तोवर पडणार नाही. तिच्याखाली गाड्या लावू नका, दोरी बांधा, एवढंच. त्यांना ते कामचुकारपणाचं वाटलं. आजचा टेम्पोचा खर्च माझ्या अंगावर.

शुक्रवार

संध्याकाळी वळीव. गारा नव्हत्या, वारं मात्र वेड्यासारखं. सव्वाआठला फोन, नागाळा पार्कात सोनमोहर मुळासकट उपटून कंपाउंडावर आणि निम्मा घराच्या दारात. माणसं सगळी सुखरूप.

उभ्या झाडापेक्षा पडलेलं झाड मला जास्त भितीचं वाटतं. उभ्या झाडाचा भार कुठं आहे ते कळतं. पडलेल्यात एक फांदी दबलेली, दुसरी ताणलेली, बुंधा भिंतीवर टेकून वाकलेला, सगळं धनुष्यासारखं ओढून धरलेलं. चुकीच्या बाजूनं काप घेतला तर एक तर पट्टी आवळून मशीन अडकतं, नाहीतर फांदी फुटून अंगावर येते. आधी दाबाच्या बाजूनं थोडा काप, मग ताणाच्या बाजूनं, आणि आपण कुठं उभं राहायचं ते त्याच्याही आधी.

गेलो तेव्हा शेजारची पोरं मुळांच्या खड्ड्यात उतरून फोटो काढत होती. मामा असे ओरडले की सगळी गल्ली गप्प. उपटलेल्या झाडाचा वरचा भार कापला की बुंधा उसळून परत उभा राहू शकतो आणि मुळांचा गड्डा धप्पकन खड्ड्यात बसतो. आत जो असेल तो गेला. हे सांगितल्यावर पोरं मागं सरली, मोठी माणसं पुढं आली. कोल्हापुरात सल्ल्याला माणूस कमी पडत नाही. एकजण ट्रॅक्टरनं ओढा म्हणत होता, एकजण त्याचा ट्रॅक्टर आणायलाच निघाला.

तारा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत हात लावला नाही. मग बॅटरीच्या उजेडात दारापुरत्या फांद्या कापून वाट मोकळी केली आणि थांबलो. रात्री, ओल्या सालीवर, झाडावर चढायचं नाही. घरमालक दुप्पट द्यायला तयार होते. सकाळी येतो म्हटलं.

शनिवार

सकाळी तो सोनमोहर उरकला. लाकडावरून नेहमीचा वाद झाला: "लाकूड तुम्हीच न्या की, वर आणि पैसे कशाला?" वखारीत आंब्याला गिऱ्हाईक आहे, खोक्यांना जातो. सोनमोहराला जळणाचाच भाव येतो, तो टेम्पोभाड्यात जातो. नारळ तर फुकटसुद्धा कुणी घेत नाही, बुधवारचे ओंडके अजून माझ्याच दारात आहेत. बायको रोज विचारते, यांचं काय करणार. ओळीनं मांडून बसायला करू म्हणतो.

मशीन दिवसभर धरलं की रात्री बोटांना मुंग्या येतात, आता येतायत, अक्षर बघून कळेलच.

मघाशी कसबा बावड्यातनं फोन होता. आंबा फार वाढलाय, वरनं निम्मा उडवून टाका. मी विचारलं, फांद्या कुठं लागतात, घराला का तारेला? कशालाच नाही, नुसता उंच झालाय. त्यांना सांगत होतो की शेंडा उडवला की कापाच्या तोंडातनं घोसानं धुमारे फुटतात, ते वरवर चिकटलेले असतात, जाड झाले की वळीवात तेच आधी पडतात. त्यापेक्षा वाळक्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या त्यांच्या बुडाच्या फुगवट्यापाशी काढू, झाड ती जखम झाकून घेतं. एकदा येऊन बघतो, मग ठरवू.

"बघायचे पैसे घेतासा काय?"

घेत नाही म्हटलं. तरी दुसऱ्याला विचारतो म्हणाले. दुसरा कोण ते मला माहीत आहे. तो फोनवरच दर सांगतो.