भरलेलं सभागृह

मंगळवार, रात्र

नाटक बघून घरी येऊन तास झाला, झोप लागत नाही. छोटं नाट्यगृह होतं, दोनशे-सव्वादोनशे खुर्च्या. कुणाच्या अंगावर माईक नव्हता. दुसऱ्या अंकात ती नटी आमच्याकडे पाठ करून खिडकीशी गेली आणि पत्रातली शेवटची ओळ स्वतःशीच म्हटल्यासारखी म्हणाली. मी मागून दुसऱ्या रांगेत, तरी शब्दन् शब्द पोचला. तो आवाज आधी नेपथ्याच्या भिंतीला लागून मग माझ्यापर्यंत आला असणार. ऐकायला कुजबुज, पण ती कुजबुज नव्हतीच. खालून श्वासाचा पूर्ण आधार होता, फक्त रंग कुजबुजीचा. किती वर्षांची मेहनत असेल त्या एका ओळीमागे!

त्या ओळीच्या आधी सगळं नाट्यगृह थांबलं. कुणी कुणाला खूण केली नव्हती. खुर्चीचं करकरणं नाही, खोकला नाही. घरी पडद्यावर कितीही चांगलं काम बघितलं तरी माझ्याच्याने असं थांबणं होत नाही. शेजारी अनोळखी माणूस श्वास रोखून बसलेला असतो तेव्हाच ते होतं.

बुधवार

ऑफिस. दिवसभर कानात इअरफोन. शनिवारी रात्री वाद्यवृंदाचा कार्यक्रम आहे आणि त्याची सकाळची तालीम श्रोत्यांना खुली आहे असं आज कळलं. दोन्हीला जाणार.

शनिवार, दुपार

तालमीला जेमतेम चाळीस माणसं होतो. सभागृह जुनं, लांबट, उंच छताचं, खुर्च्या लाकडी, गादी नसलेल्या. आज संगीतकार शुबर्टची 'अपूर्ण' सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, आहे. ही त्याने १८२२ मध्ये लिहायला घेतली, दोनच भाग पुरे केले. १८२८ मध्ये तो गेला, अवघ्या ३१ व्या वर्षी. ती पहिल्यांदा लोकांसमोर वाजली १८६५ मध्ये, व्हिएन्नात. म्हणजे त्रेचाळीस वर्षं ते संगीत कागदावरच होतं. ज्याने लिहिलं त्याला ते कधी ऐकायला मिळालं नाही. मी मात्र आज एका दिवसात दोनदा ऐकणार, या विचाराने सकाळी निघताना जरा अवघडल्यासारखं झालं होतं.

सुरुवात चेलो आणि डबल बेस यांच्या अगदी दबक्या सुरांनी होते. रिकाम्या सभागृहात ते सूर जमिनीलगत पसरले आणि तिथेच रेंगाळले. वर व्हायोलिनची थरथर सुरू झाली, तीही त्यातच विरघळली. कानाला गोड लागत होतं, पण धुकं होतं. एकेक वाद्य निवडून काढता येईना. जोरकस जागी सगळे एकदम थांबले तरी आवाज छताखाली फिरत राहिला. मी मनातल्या मनात मोजलं, तीनपर्यंत गेले. संचालकांचा एक सहायक सभागृहभर हिंडून वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसून ऐकत होता. एकदा तो पुढे येऊन म्हणाला की मागे सगळं एकात एक मिसळतंय. संचालक म्हणाले, राहू दे, रात्री लोक येतील.

रात्री लोक येतील. मला वाटलं, ते वादकांना धीर देतायत.

शनिवार, रात्र

सभागृह पूर्ण भरलेलं. भिंतीलगतही माणसं उभी होती. तेच वादक, तेच छत, तेच दबके सूर, आणि धुकं गेलेलं!

खरंच गेलेलं. डबल बेसवाले बोटांनी तारा छेडतात ते एकेक ठिपका वेगळा ऐकू येत होता. त्यावर ओबो आणि क्लॅरिनेट मिळून धून घेतात. सकाळी मला ते एकच कुठलं तरी वाद्य वाटलं होतं. रात्री दोन वेगळे गळे एक ओळ गाताहेत हे कळलं, एक जरा नाकातला, एक गोल. आवाज विरत होता, पण पुढच्या सुराला वाट करून देऊन विरत होता. जोरकस जागेनंतर जी शांतता आहे ती सकाळी भरून गेली होती. रात्री ती रिकामी मिळाली, आणि कळलं की शुबर्टने ती लिहिलेली आहे.

दुसऱ्या भागात चौथ्या रांगेत कुणाचा तरी फोन लाकडी जमिनीवर पडला आणि थरथरत राहिला. मला रडूच आलं, रागाने. त्या क्षणी बासरी वाजत होती, ती जागा आज परत येणार नव्हती.

शेवट अगदी हळू आहे. संचालकांचे हात वरच राहिले. कुणी टाळी वाजवली नाही. एवढ्या मोठ्या शहरात, एवढ्या माणसांत, काहीही ऐकू येत नव्हतं.

रविवार

सकाळपासून त्या 'रात्री लोक येतील'चा अर्थ शोधत बसले. तो धीर नव्हता, शास्त्र होतं.

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह बांधून झालं आणि लक्षात आलं की तिथे बोललेलं समजतच नाही. एक शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राहायचा, तेवढ्यात पुढचे दहा-बारा शब्द त्यावर येऊन पडायचे. हे दुरुस्त करण्याचं काम वॉलेस सबाइन या भौतिकशास्त्राच्या तरुण प्राध्यापकाकडे आलं. शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, व्याख्यानगृहात अंथरायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. सकाळ व्हायच्या आत गाद्या परत जागच्या जागी. अशा कितीतरी रात्री. त्यातून त्याला सूत्र सापडलं: खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त वेळ टिकतो आणि तिथे आवाज शोषणारं जितकं जास्त तितका लवकर विरतो. बॉस्टनचा सिंफनी हॉल १९०० मध्ये याच हिशेबाने उभा राहिला.

आणि आवाज शोषणाऱ्या गोष्टींत माणसं आली. कपड्यांतली, बसलेली, जिवंत माणसं. व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइनचं सोनेरी सभागृह १८७० चं. तिथे बसायच्या १,७४४ जागा आणि शिवाय तीनेकशे माणसं उभी. ते रिकामं असताना आवाज सुमारे तीन सेकंद टिकतो, भरलं की दोन. तो मधला एक सेकंद श्रोते घेऊन टाकतात. माझी सकाळची मोजणी काही अगदीच चुकली नव्हती.

दोन सेकंद वाद्यवृंदाला छान. नाटकाला मात्र एकाच्या आसपास हवा. व्यंजनं अशक्त असतात. मागच्या स्वराची शेपूट लांबली तर त्याखाली ती चिरडली जातात आणि 'पाट' म्हटलं की 'पाठ' हे कळेनासं होतं. मंगळवारची ती ओळ कालच्या सभागृहात म्हटली असती तर तिचं काय झालं असतं, या विचाराने आत्ताही धस्स होतं. म्हणूनच 'बहुउद्देशीय सभागृह' असं लिहिलेलं दिसलं की मला वाईट वाटतं. तिथे दोघांनाही थोडं थोडं सोसावं लागतं.

सूत्र हातात असूनही चुका झाल्या. न्यूयॉर्कचा फिलहार्मोनिक हॉल १९६२ मध्ये उघडला आणि आवाजाबद्दल तक्रारी सुरू झाल्या. १९७६ मध्ये आतून सगळा उखडून नव्याने केला. वास्तुरचना फिलिप जॉन्सनची, ध्वनीचं काम सिरिल हॅरिसचं. तरी पुरतं जमलं नाही. २०२२ मध्ये तो पुन्हा उघडला तेव्हा रंगमंच प्रेक्षकांत पुढे सरकवला होता आणि जागा २,७३८ वरून २,२०० वर आणल्या होत्या. पाचशेहून जास्त तिकिटं सोडून दिली, माणसं जवळ यावीत म्हणून! मला हा निर्णय फार मोठा वाटतो. मुंबईचं टाटा थिएटर याच जॉन्सन आणि हॅरिस जोडीचं. ते १९८० मध्ये सुरू झालं, जागा हजाराच्या आसपास. सतारीची मींड माईकशिवाय किती लांब जाते हे कळायला तेवढीच खोली हवी. आपल्या मैफली हजारोंच्या मांडवात गेल्या आणि सूर स्पीकरमधून येऊ लागला. त्यामुळे गाणं किती जणांपर्यंत पोचलं हे मला ठाऊक आहे. तरी तानपुऱ्याची जवार थेट लाकडातून यावी आणि तिच्यात गळा मिसळताना दिसावा, ही ओढ कमी होत नाही.

सबाइनबद्दल आणखी एक वाचलं आणि पुस्तक मिटवून बसून राहिले. त्याचे आकडे मध्येच जुळेनासे झाले, तेव्हा त्याने कारण शोधलं. ते निघालं त्याचे स्वतःचे कपडे. मोजणारा एकटाच त्या खोलीत, पण त्याने काय घातलंय याने आवाज बदलत होता. मग त्याने केलेली सगळी मोजणी टाकून दिली आणि दर रात्री तेच कपडे घालायचे ठरवलं. निळा हिवाळी कोट, जाकीट, पँट, बूट, सगळं वहीत नोंदवून ठेवलं.

काल मी लोकरीची शाल नेली होती. आत उकडत होतं म्हणून घडी करून मांडीवर ठेवली आणि दुसऱ्या भागाच्या वेळी अंगावर घेतली.